पहिलीच्या आधीचा अभ्यास: पालकांचे प्रश्न

शाळा सुरू होऊन महिना झाला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडून तेच तेच प्रश्न येऊ लागतात. म्हणून इथे सगळ्यांना एकत्रच उत्तरं देते.

मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. ३ आणि ६ उलटे लिहितो. काही दोष असेल का? (उचगाव)

नाही. हे आकडे आरशात बघितल्यासारखेच आहेत, सहा-सात वर्षांपर्यंत अशी गल्लत होतेच. दुसरीतही तसंच राहिलं आणि वाचनही अडत असेल, तर वर्गशिक्षकांशी बोलून तज्ज्ञांना दाखवा.

मुलगी तीन वर्षांची. नर्सरीत रोज दोन पानं गिरवायला देतात, ती रडते. (निपाणी)

गिरवणं थांबवा. या वयात मनगटातली सगळी हाडंही तयार झालेली नसतात. तिला कणकेचे गोळे करू दे, शेंगा सोलू दे, पाटीवर खडूने रेघोट्या मारू दे. पुढे अक्षरं घ्याल तेव्हा ‘अ’पासून नको, ग, म, भ, न पासून घ्या. वळण सोपं आणि लगेच ‘मन’, ‘नग’ असे शब्द वाचता येतात. वहीबद्दल टीचरांना प्रत्यक्ष भेटून सांगा, चिठ्ठी पाठवू नका.

नातू चार वर्षांचा, शंभरपर्यंत आकडे म्हणतो. बेरीज सुरू करू का? (येळ्ळूर)

आजोबा, आधी त्याला सहा वाट्या आणायला सांगा. मूठभर घेऊन आला तर शंभरपर्यंतचं ते नुसतं पाठांतर आहे. एका वाटीला एकच आकडा, आणि शेवटी म्हटलेला आकडा म्हणजे एकूण वाट्या, हे कळल्याशिवाय बेरीज नको. पुढे आकडे लिहिता-वाचताना एकोणतीस, एकोणचाळीसला तो अडखळेल, तेव्हा रागावू नका. कन्नडमध्ये ‘इप्पत्तु’ला ‘ओंदु’ जोडलं की एकवीस होतात. मराठीत जवळजवळ प्रत्येक आकड्याचं नाव वेगळं पाठ करावं लागतं. दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधून दाखवा.

मुलगी एलकेजीत, इंग्रजी माध्यमात. शाळेने सांगितलं घरीही इंग्रजीच बोला. शेजारी कन्नड बोलतात. तिचा गोंधळ होऊ नये म्हणून आम्ही मराठी बंद केलं. बरोबर आहे ना? (शहापूर, बेळगाव)

अजिबात नाही. आज संध्याकाळपासून मराठी सुरू करा.

हा सल्ला कुठून निघतो कळत नाही, पण दर वर्षी ऐकते. घरात इंग्रजी सुरू झालं म्हणजे काय होतं? ‘कम’, ‘सिट’, ‘ईट फास्ट’. बहुतेक घरांत गाडी एवढ्यावरच थांबते. तीच आई मराठीत दही का लागतं, आजी का रुसली, पावसात रस्ता का वाहून गेला, हे सगळं समजावून सांगू शकते. वाचन म्हणजे अक्षर ओळखणं आणि अर्थ लागणं. अर्थ लावायची सवय या गप्पांतूनच होते आणि एका भाषेत झाली की दुसरीतही उपयोगी पडते. माझ्याकडे आलेल्या एका मुलीला ‘काल जत्रेत काय बघितलंस?’ विचारलं, तर ‘डॉग… गो… बिग’ म्हणाली आणि गप्प झाली. इंग्रजी स्पेलिंगं तिला चाळीसेक पाठ होती. सांगायला मात्र एकही भाषा धड नव्हती.

आपल्या भागातली मुलं आजीशी मराठी आणि भाजीवालीशी कन्नड बोलतात. एका वाक्यात दोन्हीचे शब्द आले तरी तो गोंधळ नव्हे, दोन भाषा शिकणारं प्रत्येक मूल तसं बोलतं. कन्नडचं ओझंही वाटून घेऊ नका. वर्णमालेचा क्रम तोच, बाराखडीची रीतही तीच, फक्त ऱ्हस्व-दीर्घ ए आणि ओ कानाला वेगळे ओळखायला लागतात. लिपी मात्र एकेक करून पक्की करा, तिन्ही एकदम नकोत. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० सुद्धा शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा म्हणतं. शाळेला हे नम्रपणे सांगा. रोज रात्री एक गोष्ट मराठीत वाचून दाखवा, ओळीखाली बोट फिरवत. दोन-तीन महिन्यांनीही ती कुठल्याच भाषेत मोकळी बोलत नसेल, तर वाचातज्ज्ञांची भेट घ्या.

शाळेत ‘मिडब्रेन’चं, म्हणजे मेंदूचा मधला भाग जागा करतो म्हणणारं शिबिर झालं. मुलांनी डोळ्यांवर पट्टी बांधून वाचून दाखवलं. फी पंधरा हजार. घालू का? (टिळकवाडी)

नको. नाकाजवळच्या फटीतून मूल खाली बघतं. कागद कपाळासमोर धरा, वाचन थांबेल. फसवणूक आहेच, वर लहान मुलांना खोटं वागायला शिकवलं जातं. याचा मला फार राग येतो. त्या पैशांतून गोष्टींची पुस्तकं घ्या.

मुलगा सव्वातीन वर्षांचा. ‘पापा’, ‘माम’ एवढंच बोलतो. सासूबाई म्हणतात त्याचे वडीलही उशिरा बोलले. अक्षरांचे तक्ते आणलेत, लावू का? (खानापूर तालुका)

ताई, तक्ते राहू देत. दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडतं, तिसऱ्या वर्षी छोटी वाक्यं बोलतं. आधी कान तपासा. दार आपटल्यावर दचकतो म्हणजे बोलणं नीट ऐकू येतं असं नाही. वारंवार सर्दी होऊन कानात पाणी साचलं, तरी ऐकू कमी येतं. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, सेविकेला विचारून नाव द्या. पण त्यांची वाट बघत बसू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि ऑडिओलॉजिस्टकडून श्रवणचाचणी करून घ्या. सण झाल्यावर नको, जत्रेनंतर नको, याच आठवड्यात.