छोटी खाण कंपनी: आधी चालवणारी माणसं बघा

भाऊ, खाण कंपनीचा शेअर घ्यायचा असेल तर साठा किती टन, ग्रेड (म्हणजे दगडात धातू किती) किती, ते सध्या बाजूला ठेवा. रावेरचा व्यापारी केळीचा भाव बोलण्याआधी बाग कोणाची ते विचारतो, तसंच इथे.

सुरुवातीला एवढंच तपासा:

- या लोकांनी आधी एखादी खाण सुरू करून खरोखर माल काढलाय का? संचालक मंडळात सगळे सीए आणि वकील, भूवैज्ञानिक किंवा मायनिंग इंजिनिअर एकही नाही, तर मी पुढचं पान उलटत नाही.
- प्रवर्तकांचा (कंपनी उभी करून चालवणाऱ्यांचा) हिस्सा किती, त्यातले कर्जासाठी तारण ठेवलेले शेअर किती. शेअर बाजाराच्या साइटवर फुकट दिसतं.
- तीन वर्षांपूर्वीचा वार्षिक अहवाल काढा. 'पुढच्या वर्षी उत्पादन सुरू' हे वाक्य तेव्हाही होतं आणि आजही आहे? पर्यावरण मंजुरी अडकते, उशीर होतो, मान्य. पण कारण सांगतात की नुसती तारीख बदलतात, ते बघा.
- संबंधित पक्षांचे व्यवहार, म्हणजे प्रवर्तकांच्या नातेवाइकांशी किंवा त्यांच्या फर्मशी कंपनीने केलेले व्यवहार. डंपर, पोकलेन मेहुण्याच्या फर्मकडूनच भाड्याने येत असतील, तर नफा कुठे जातो ते कळेल.

नवखे फसतात ते 'सोनं सापडलं' या बातमीला. कॅनडाच्या ब्री-एक्स या खाण कंपनीच्या इंडोनेशियातल्या नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळल्याचं १९९७ मध्ये उघड झालं. तिथे भलेभले बुडाले! दुसरी चूक आपल्याकडची: जळगावच्या सराफ बाजारात भाव चढला की खाणीचा शेअर उचलायचा. कंपनीने अजून खड्डासुद्धा खणलेला नसतो.

आधी एकच कंपनी घ्या, तिचे तीन अहवाल वाचा. पैसे नंतर. अडलं तर विचारा.