दोन वर्षांचा करार

इंदूरच्या एका वडिलांचे पत्र आले आहे. मुलगा वाणिज्य शाखेतून ७१ टक्के मिळवून बारावी झाला असून त्याला म्युझिक व्हिडिओंचा आणि पुढे चित्रपटांचा दिग्दर्शक व्हायचे आहे. वडील बँकेत आहेत. त्यांनी मुलाकडून लिहून घेतले आहे की, दोन वर्षांत ‘नाव झाले नाही’ तर तो मुकाट्याने बी.कॉम. करून बँकेच्या परीक्षांना बसेल. तोवर वापरायला ते त्याला अडीच लाखांचा कॅमेरा घेऊन देणार आहेत. कोणता घ्यावा, एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार,

कॅमेऱ्याचे नंतर पाहू. आपल्या सहीखाली मुलाच्या अक्षरात ‘वाचले, मान्य आहे’ असे तीन शब्द आहेत आणि मी त्यांच्यापाशीच बराच वेळ थांबलो. ज्याच्या आयुष्याविषयी चार पाने लिहिली गेली, त्याच्या वाट्याला जामीनदारासारखी एक ओळ यावी, हे मला गुणपत्रिकेपेक्षा अधिक काळजीचे वाटते. आपण विरोध केला नाहीत, हे खरे. परंतु ‘नाव होणे’ म्हणजे नेमके काय, हे करारात कुठेही लिहिलेले नाही, म्हणजे त्याचा निकाल आपणच देणार. अशा मुदतीखाली मुलगा काम शिकणार नाही, आपल्याला दाखवता येतील असे व्ह्यूजचे आकडे जमवत बसेल. त्या आकड्यांतून उत्पन्न किती, असेही आपण विचारले आहे. दिग्दर्शकाला सहसा ठरलेले मानधन मिळते. २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातील दुरुस्तीने रॉयल्टीचा हक्क बळकट झाला तो गीतकार-संगीतकारांचा, दिग्दर्शकाचा नव्हे. आणि मुदतीचेच म्हणाल, तर दिग्दर्शक प्रदीप सरकार यांनी वर्षानुवर्षे जाहिराती आणि म्युझिक व्हिडिओ केले, त्यानंतर २००५ मध्ये त्यांचा पहिला चित्रपट आला. आपल्या करारानुसार ते केव्हाच बँकेच्या परीक्षेला बसले असते.

आता कॅमेरा. तो विकत घेतला की दिग्दर्शनाची निम्मी तयारी झाली, हा समज आपल्याकडे घरोघरी आहे. व्यावसायिक चित्रीकरणात कॅमेरा बहुधा दिवसाच्या भाड्याने येतो आणि तो हाताळणारा छायालेखक वेगळा असतो. दिग्दर्शकाचे काम त्याआधीच सुरू झालेले असते. एक साधे उदाहरण देतो. गायक संथ गतीने चालत येतो, पण त्याचे ओठ मात्र गाण्याशी अचूक जुळतात, असे दृश्य आपण पाहिले असेल. त्यासाठी सेकंदाला २४ ऐवजी ४८ फ्रेम टिपतात आणि सेटवर गाणे दुप्पट वेगाने वाजवतात. गायक बिचारा त्या चिरक्या आवाजाबरोबर भराभर ओठ हलवतो, आणि पुढे दृश्य निम्म्या वेगाने चालवले की सारे मूळ लयीत येते. कोणत्या ओळीला हे करायचे, हे आधी कागदावर ठरवावे लागते. त्या कागदाला अडीच लाख लागत नाहीत. इंदुरातच चित्रकला शिकलेल्या चित्रकार एम. एफ. हुसेन यांनी केलेल्या लघुपटाला १९६७ मध्ये बर्लिनला सुवर्ण अस्वल मिळाले होते. तिथेही चित्रकाराची नजरच कामी आली.

मुलाने फोनवर केलेला व्हिडिओ मी तीनदा पाहिला. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळची, म्हणजे होळकरांच्या स्मारकांजवळची, दृश्ये सामान्य आहेत आणि मित्राकडून अभिनय करून घेणे त्याला अजिबात जमलेले नाही. पण दुसऱ्या अंतऱ्यात पोह्यांवर जीरावण मसाला भुरभुरणारा हात नेमका समेवर येतो आणि त्यापुढे चार मात्रा काहीही हलत नाही. हे ज्याला सुचले तो मला दिग्दर्शकापेक्षा संकलक, म्हणजे एडिटर, अधिक वाटतो. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलनाचा वेगळा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्यासाठी कोणत्याही शाखेची पदवी लागते, तेव्हा आपण शिक्षा म्हणून राखून ठेवलेले बी.कॉम. त्याने याच वर्षी सुरू करावे आणि आपण तो करार फाडावा. कॅमेऱ्याच्या पैशांतून संकलनाला पुरेल असा संगणक घ्या, उरलेली रक्कम तशीच राहू द्या.

पुढचे पत्र मात्र त्याला लिहू द्या. सोबत त्या व्हिडिओचे न कापलेले सगळे चित्रीकरण पाठवायला सांगा; त्याने काय काय टाकून दिले, ते मला पाहायचे आहे.