टॅरोत मरणाचा पत्ता निघाला, आता काय करू?

टॅरोच्या, म्हणजे भविष्य बघायला वापरतात त्या चित्रांच्या पत्त्यांबद्दल मागच्या अंकात चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा नुसता पाऊस पडला. सगळी घेता येत नाहीत, त्यातली ही काही.

प्रश्न : ताई, मी लातूरला नीट (डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा) रिपीट करायलेय. रूममेटनं टॅरोचे पत्ते ऑनलाइन मागवलेत, रोज रात्री मेसचा डबा खाल्ला की आम्ही पाचजणी तिच्या बेडवर, प्रत्येकीला तीन-तीन पत्ते. परवा मी विचारलं, माझं सिलेक्शन होईल का, तर घोड्यावरचा सांगाडा निघाला. मरणाचा पत्ता म्हणे. तेव्हापासून पुस्तक उघडलं की तेच दिसतंय. आई म्हणायलीय घरी ये, दृष्ट काढते.

उत्तर : आधी हिशोब करू, नीटवाली आहेस तर आवडेल तुला. संचात ७८ पत्ते, त्यातला हा एक, नंबर १३. पाचजणींचे तीन-तीन म्हणजे रोज पंधरा पत्ते, मग हा सांगाडा सरासरी पाच-सहा रात्रींत एकदा कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला येणारच की! त्यानं सिलेक्शन अडत असतं तर तुमच्या त्या रूममधून कुणीच कधी डॉक्टर झालं नसतं.

आता तो पत्ता परत काढ आणि उजेडात बघ, त्या रात्री पूर्ण बघितलाच नसशील. तुमच्याकडं बहुतेक १९०९ ला लंडनमध्ये निघालेल्या संचाचीच कॉपी असणार, बाजारात तीच जास्त चालते, चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईंची. काळं चिलखत घातलेला सांगाडा, पांढरा घोडा, काळा झेंडा आणि त्यावर पांढरं फूल. खाली राजा आडवा पडलाय. धर्मगुरू हात जोडून समोर उभा. एका तरुणीनं तोंड फिरवलंय आणि तिच्याशेजारचं लहान लेकरू मात्र सरळ वर बघतंय. मागं नदी, नदीत एक नाव, पार तिकडं दोन बुरुजांच्या मधी सूर्य. यातली तू कोण? मला विचारशील तर तोंड फिरवलेली पोरगी, आणि हे मी तुझ्या पत्रावरून सांगायलेय, पत्त्यावरून नाही.

टॅरो वाचणारेसुद्धा या पत्त्याचा अर्थ सहसा मरण असा लावत नाहीत, एक टप्पा संपून दुसरा चालू होतो असा लावतात. पण मी म्हणते तो अर्थही बाजूला ठेव. सिलेक्शन होईल का हे कागदाला काय माहीत? त्यापेक्षा चित्र समोर ठेवून विचार, मी कुठला विषय टाळायलेय, मला घरी काय सांगायची भीती वाटायलीय. उत्तर तुझ्याच तोंडून येतं, चित्रानं फक्त बोलायला सुरुवात होते. आणि आईला काढू दे की दृष्ट, मीठ-मोहरीनं कुणाचं नुकसान झालंय! तरी झोप लागत नसेल, छातीत धडधड होत असेल तर मानसिक त्रासासाठीच्या टेली-मानस हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत सातवीला शिकवतो. पोरं निबंध पाठ करून लिहितात, सगळ्यांचा 'माझा आवडता ऋतू' एकच. म्हणून टॅरोची काही चित्रं दाखवून गोष्ट सांगा म्हणालो. रचलेले आठ पेले मागं टाकून एक माणूस रात्री डोंगराकडं चाललाय, ते चित्र दाखवलं तर एक पोरगं म्हणालं, "सर, यानं उचल घेतली असंल, रातीच निघावं लागतं." वर्ग चिडीचूप. पण एका पालकानं तक्रार केलीय, सर भविष्य शिकवायलेत म्हणून. बंद करू का?

उत्तर : सर, अजिबात बंद करू नका. ऊसतोडीला नेणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल, रात्रीचा ट्रक, कुलूप लावलेलं घर, हे त्या पोरानं एका वाक्यात सांगितलं, कुठल्या निबंधाच्या गाइडात सापडेल का हे? फक्त पुढं त्याला सगळ्यांसमोर 'तुझ्या घरचं सांग' म्हणू नका. गोष्ट त्या चित्रातल्या माणसाचीच राहू द्या, तो माणूस पुढं कुठं पोचला, मागं कोण राहिलं, एवढंच विचारत जा. चित्राचा आडोसा आहे म्हणून तर पोरं बोलतात.

पालकांना वर्गात बोलवा आणि पैठणचं सांगा. पैठणच्या नावानं ओळखली जाणारी चित्रकथीची जुनी चित्रं आहेत, रामायण-महाभारतातले प्रसंग, एकेक चित्र लोकांपुढं धरायचं आणि गोष्ट सांगायची. आपल्याच महाराष्ट्रातली रीत आहे ती, सातवीच्या वर्गात काय बिघडलं? पाहिजे तर नावं आणि आकडे झाकून फक्त चित्र दाखवा, मरण आणि सैतान बाजूला काढून ठेवा, सातवीला ते लागतही नाहीत. संच विकतच घ्यायला पाहिजे असं नाही, पामेलाबाई १९५१ ला गेल्या, त्यांच्या मूळ चित्रांचा कॉपीराइट आपल्याकडं संपलाय, सरळ प्रिंट काढा.

प्रश्न : टॅरो इजिप्तच्या देवळांमधून आलंय, पाच हजार वर्षं जुनं आहे, असं इथं नांदेडला एका वर्कशॉपमध्ये सांगितलं. खरं का?

उत्तर : नाही हो. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हे पत्ते खेळायला निघाले, आपण मेंढीकोट खेळतो तसा हात जिंकायचा खेळ. इजिप्तची गोष्ट १७८१ ला पॅरिसमध्ये कूर द जेब्लँ नावाच्या गृहस्थानं छापली, आणि गंमत बघा, इजिप्तची चित्रलिपी तेव्हा कुणाला वाचताही येत नव्हती, ती शांपोलियों या फ्रेंच अभ्यासकानं उलगडली १८२२ ला. भविष्य बघायचा धंदा साधारण तिथून पुढं जोरात सुरू झाला. जुनं आणि देशी पाहिजे असेल तर सावंतवाडीची गंजिफा बघा, गोल पत्ते, दशावतारांचे १२०, हाती रंगवलेले. खेळायचेच आहेत तेही.

प्रश्न : परभणीहून लिहायलोय. फोनवर कार्ड बघणाऱ्या एका बाईनं माझ्या बहिणीचं सगळं बरोबर सांगितलं, वरून दिसतेस कणखर पण आतून हळवी वगैरे, आणि आता २१ हजारांची पूजा सांगितलीय.

उत्तर : एक रुपया देऊ नका. १९४८ ला बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञानं वर्गातल्या सगळ्यांना 'हे खास तुझं वर्णन' म्हणून एकच कागद वाटला, पोरांनी त्याला पाचपैकी सरासरी ४.२६ मार्क दिले. कणखर-पण-हळवी कोण नसतं? पैसे ऑनलाइन गेलेच असतील तर आजच्या आज सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइन नंबरवर फोन लावा.

प्रश्न : आमचा हिंगोलीत बायकांचा वाचनगट आहे. राजा-राणी-जोकर आम्हाला परके वाटतात. आपले पत्ते करता येतील का?

उत्तर : येतील की, आणि मजा येईल. टॅरोतल्या पात्रांना आर्किटाइप म्हणतात, म्हणजे तरी काय, ज्याला बघितलं की प्रत्येकीला आपल्या गावातला कुणीतरी आठवतो ते पात्र. मुकादम. पहाटे येणारा पिंगळा. वारीला निघालेली आजी. पोराला क्लासला सोडून एसटीनं एकटा परत येणारा बाप. माहेरी राहिलेली आत्या, जिच्याशिवाय एकही लग्न पार पडत नाही पण जिला हळदीला पुढं करत नाहीत (ही आत्या मला तर प्रत्येक घरात दिसते). माणसांबरोबर जागा पण घ्या, कोरडी बारव, पडकी गढी, टँकरची रांग. वीस-पंचवीस झाले तरी भरपूर.

चित्र काढता येत नाही म्हणून अडू नका, लग्नपत्रिकांचा जाड कागद कापा, काड्यांची माणसं चालतील. पत्त्यावर नाव लिहू नका, नाहीतर सगळ्याजणी चित्र सोडून नावच वाचत बसतात. एकीनं तीन काढायचे, गोष्ट सुरू करायची, अडली की पुढचीनं आणखी एक काढून पुढं न्यायची. सासूचा पत्ता किती ठेवायचा ते तुमचं तुम्ही ठरवा.