एकोणतिसाव्या रोज्याची संध्याकाळ

प्रश्न : मी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ईदच्या आदल्या रात्री आमच्या मोहल्ल्यात दहा-साडेदहापर्यंत फोन चालतात. चांद झाला का, ग्वाही आली का. मैत्रिणी विचारतात, ग्रहण सेकंदापर्यंत सांगता येतं, मग तुमची ईद का नाही? इस्लामला विज्ञान चालत नाही का? मला उत्तर सुचत नाही.
– एक वाचक, खेड (जि. रत्नागिरी)

उत्तर : मैत्रिणींचा प्रश्न रास्त आहे, पण त्यात दोन गोष्टींची गल्लत झाली आहे. अमावस्या कधी संपते हे गणित अचूक सांगतं आणि तो क्षण साऱ्या जगाला एकच. ईद ज्यावर ठरते ते कोर दिसणं मात्र ज्या त्या गावचं. अमावस्या संपल्यापासून पंधरा तासांहून कोवळी कोर नुसत्या डोळ्यांना दिसल्याच्या भरवशाच्या नोंदी जवळजवळ नाहीत. मक्केत सूर्य कोकणापेक्षा सुमारे सव्वादोन तास उशिरा मावळतो. तेवढ्या वेळात चंद्र सूर्यापासून अंशभर आणखी दूर जातो, म्हणून आपल्याला न दिसलेली कोर तिथे त्याच संध्याकाळी दिसू शकते. आखातातले नातेवाईक एक दिवस आधी ईद करतात, यात कुणाचीच चूक नसते.

मी चौतीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. लहानपणी एकोणतिसाव्या रोज्याला बाबा आम्हाला खाडीच्या बांधावर न्यायचे. चांद बघून रोजे धरा, बघून सोडा, ढग असले तर तीस पुरे करा, एवढं त्यांना पाठ होतं. ती संध्याकाळ कुणी माझ्याकडून काढून घेऊ नये. पण एका वर्षी तिघांनी चांद दिसल्याची ग्वाही दिली. मी हिशोब मांडून बसलो होतो. त्या दिवशी चंद्र सूर्याच्या आधीच मावळला होता. मोठ्यांपुढे मी बोललो नाही, आणि ते गप्प राहणं आजही सलतं. माझं मत स्पष्ट आहे. जिथे चंद्र आकाशातच नाही, तिथली ग्वाही घेऊ नये. यात दीनाचं, म्हणजे धर्माचं, काही उणं होत नाही. तुर्कस्तानात तर ईदची तारीख गणितानेच ठरते.

नमाजाच्या वेळा आपण भिंतीवरच्या छापील तक्त्यावर बघतो. असरसाठी, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजासाठी, काठीची सावली आता कोण मोजतं? तो तक्ता गणितच आहे, आणि ते मशिदीतच वाढलं. दमास्कसच्या उमय्या मशिदीत इब्न अल-शातिर हे मुवक्कित होते, म्हणजे नमाजाच्या वेळा काढणारे. 1371 साली त्यांनी तिथल्या मिनारासाठी सावलीचं घड्याळ केलं. चंद्राच्या गतीची त्यांनी केलेली मांडणी आणि दीडेकशे वर्षांनंतरची कोपर्निकसची मांडणी गणितात एकच आहे. हे मी वर्गात सांगायचो तेव्हा मुलं मान वर करून बघायची.

मैत्रिणींना नुसतं सांगू नकोस, दाखव. 28 मेला दुपारी 2 वाजून 48 मिनिटांनी सूर्य मक्केतल्या काबाच्या बरोबर डोक्यावर असतो. त्यांना अंगणात बोलाव, ओळंब्याने काठी सरळ उभी कर. सावलीच्या टोकापासून काठीच्या बुडाकडे रेघ ओढ, तोच तुमचा किब्ला, म्हणजे नमाजाची काबाकडची दिशा. 16 जुलैलाही 2 वाजून 57 मिनिटांनी हे जमतं, पण तेव्हा आपल्याकडे पाऊस. मग मशिदीच्या मेहराबशी, म्हणजे किब्ल्याकडच्या भिंतीतल्या कमानीशी, ती रेघ ताडून बघ आणि काय निघालं ते मला कळव.