वाचकांचे प्रश्न : गरोदर नायक रंगमंचावर

प्रश्न : आम्ही ठाण्यातील महाविद्यालयीन मुले स्पर्धेसाठी एकांकिका बसवत आहोत. नायक ट्रान्सपुरुष (जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंदलेला, पण स्वतःला पुरुष मानणारा) असून गरोदर आहे. शेवटी दाढीवाल्या नायकाने शर्टाची बटणे काढावीत, प्रकाशझोत पोटावर स्थिरावावा आणि अंधार व्हावा, असे दिग्दर्शकाचे म्हणणे आहे. लेखक म्हणून मला हे खटकते, पण तालमीत कारण सांगता येत नाही. प्रसारमाध्यमांनी तरी हा विषय वेगळा कुठे दाखवला आहे?
— एक वाचक, कळवा

उत्तर : क्वचितच दाखवला आहे, आणि तुम्हाला खटकते त्याचे कारण तेच आहे. तुमच्या दिग्दर्शकांनी कल्पिलेले चित्र २००८ पासून जगभर फिरत आहे. त्या वर्षी अमेरिकेतील ट्रान्सपुरुष थॉमस बीटी यांनी आपल्या गरोदरपणाविषयी एका नियतकालिकात लेख लिहिला, ऑप्रा विन्फ्री यांच्या लोकप्रिय टीव्ही कार्यक्रमात ते आले, आणि ‘पहिला गरोदर पुरुष’ असा मथळा सर्वत्र झळकला, जरी त्यांच्या आधीही ट्रान्सपुरुषांनी मुलांना जन्म दिलेला होता. पत्नीचे गर्भाशय काढलेले असल्यामुळे बीटी यांनी स्वतः गर्भ धारण केला होता. इतकी साधी, घरगुती अडचण, पण ती मथळ्यात मावली नाही. पुढे त्यांना तीन मुले झाली, संसार मोडला, आणि २०१३ मध्ये ॲरिझोनातील न्यायालयाने घटस्फोट द्यायलाच नकार दिला, कारण लग्नाच्या वेळी नवरा पुरुष होता हे सिद्ध झाले नसल्यामुळे हे दोन स्त्रियांचे लग्न ठरते आणि तसे लग्न त्या राज्यात तेव्हा मान्य नव्हते. २०१४ मध्ये अपिलात हा निर्णय फिरला. लग्न खरे होते हे सिद्ध केल्याशिवाय ते मोडताही येत नाही, यापेक्षा नाट्यमय प्रसंग तुम्हाला कोणता हवा? तरीही लोकांच्या लक्षात राहिले ते पोटाचे छायाचित्र.

आपल्याकडे फेब्रुवारी २०२३ मध्ये कोळिकोडच्या एका जोडप्याला मूल झाले. त्यातील ट्रान्सपुरुषाने बाळाला जन्म दिला आणि त्याची जोडीदार ट्रान्सस्त्री होती. त्यांची छायाचित्रे खूप गाजली. ती त्यांनी स्वतः हौसेने काढून घेतली होती, हे येथे नोंदवले पाहिजे. डोहाळजेवणाची छायाचित्रे आपणही काढतोच, त्यामुळे दोष पोट दाखवण्यात नाही. दोष आहे तो पोटापाशीच गोष्ट संपवण्यात. बाळाच्या जन्मदाखल्यावर जन्म देणाऱ्या पुरुषाला ‘आई’ आणि त्याच्या जोडीदार स्त्रीला ‘वडील’ ठरवण्यात आले होते. दोघांनाही केवळ ‘पालक’ म्हणावे, एवढ्या मागणीसाठी त्यांना केरळ उच्च न्यायालयात जावे लागले, आणि जून २०२५ मध्ये न्यायालयाने ती मान्य केली. बाळाला जन्म देणारे ब्रिटनमधील ट्रान्सपुरुष पत्रकार फ्रेडी मॅककॉनेल यांना मात्र असा दिलासा मिळाला नाही. कायद्याने पुरुष असूनही त्यांची नोंद ‘आई’ अशीच राहील, कारण जो बाळंत होतो तो कायद्याच्या दृष्टीने आई, असे तेथील न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवले आणि २०२० मध्ये अपिलातही ते कायम राहिले.

तेव्हा माझी सूचना अशी की, पोट पहिल्या प्रवेशातच, पुऱ्या उजेडात येऊ द्या. प्रेक्षक पाच मिनिटे दचकतील, कोणी हसेलही, आणि मग त्यांची नजर सरावेल. त्यानंतर नायकाला सोनोग्राफी केंद्रात नेऊन बसवा. भिंतीवर ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ हा सक्तीचा फलक आहे, बाकावर ओळीने बायका बसल्या आहेत, आणि बाळाचे लिंग ज्या खोलीत विचारता येत नाही तेथे नायकाचे मात्र प्रत्येक जण विचारतो आहे. ‘पेशंट कुठे आहे?’ हा स्वागतिकेचा प्रश्न तीनदा आला तरी चालेल. तिला दुष्ट करू नका, ती फक्त फॉर्म भरते आहे.

शेवट महापालिकेच्या जन्मनोंदणी खिडकीवर करता येईल. आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत बाळाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, असा क्रम ठरला आहे. बायकांच्या दृष्टीने हा निर्णय चांगलाच आहे, पण तुमच्या नायकाने आपले नाव कोणत्या जागी लिहायचे? खिडकीमागचा कारकून सहानुभूतीने वागला तरी त्याच्यापुढच्या कागदात ती जागा नाही. हा पेच कोणत्याही प्रकाशझोताविना उभा राहतो.

आणखी एक. ट्रान्सस्त्रीचे मातृत्व मराठी घरांना अगदीच अनोळखी नाही. ट्रान्सस्त्री कार्यकर्त्या श्रीगौरी सावंत यांनी सांभाळलेल्या मुलीची कथा २०१७ मध्ये एका जाहिरातीतून घरोघरी पोहोचली. ट्रान्सपुरुषाच्या पितृत्वाला अशी घरोघरी ओळखीची प्रतिमा नाही, त्यामुळे तुमचा नायक प्रेक्षकांसाठी पहिलाच असण्याची शक्यता आहे. संहिता पक्की होण्यापूर्वी ती एखाद्या ट्रान्सपुरुषाला वाचून दाखवा आणि तो जेथे थांबवील तेथे वाद घालू नका.

प्रश्न : माझा भाचा ट्रान्सपुरुष आहे. तो टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन घेतो आणि त्याची पाळी बंद झाली आहे. अशा बातम्या वाचल्यापासून घरात प्रश्न पडला आहे की, त्याला दिवस जाऊ शकतात का?
— एक मावशी, नेरूळ

उत्तर : गर्भाशय आणि अंडाशय शरीरात असतील तर जाऊ शकतात. टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नव्हे; पाळी बंद असतानाही अंडाशयातून स्त्रीबीज सुटू शकते, आणि हीच उपयोगाची माहिती बातम्यांत क्वचित आढळते. मूल नको असेल तर वेगळे गर्भनिरोधक लागते. मूल हवे असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने हे औषध आधीच थांबवावे लागते, कारण ते गर्भाला अपायकारक ठरू शकते. हार्मोनतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांचाही सल्ला घेणे इष्ट. मात्र हे कधी आणि कोणाला विचारायचे, ते भाच्याला ठरवू द्या, आणि घरच्या व्हॉट्सॲप गटावर त्याच्याविषयी ही चर्चा सुरू असेल तर ती आजच थांबवा.