९/११ च्या धुळीने आजारी पडलेल्यांना अमेरिकन सरकार अजून उपचार देतं का?

हो, देतं, आणि २०९० पर्यंत देणार आहे, कारण २०१५ मध्ये झाड्रोगा कायद्याची, म्हणजे या आजारी लोकांच्या उपचारांसाठी केलेल्या कायद्याची, मुदतच तेवढी वाढवलीय. टॉवर कोसळले तेव्हा सिमेंट, काचेचे तंतू, अ‍ॅस्बेस्टॉस असलं सगळं हवेत मिसळलं आणि आठवड्याभरात पर्यावरण खात्याने हवा सुरक्षित आहे असं सांगून टाकलं, लोक बिचारे त्यावर विश्वास ठेवून परत कामाला गेले, हे फार वाईट झालं. दमा, सायनस, बरेच कॅन्सर, पीटीएसडी (भयंकर घटनेनंतर मनावर राहणारा आघात) पण उपचार मिळणाऱ्या आजारांच्या यादीत आहे. फक्त आजार हल्ल्याशी संबंधित असल्याचं सर्टिफाय व्हावं लागतं, आणि फायरमन वगैरेंना उपचार फुकट असले तरी तिथल्या रहिवाशांचं बिल सहसा आधी त्यांच्या स्वतःच्या इन्शुरन्सकडे जातं.