नाशिकच्या उन्हात इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर तापतो, चार्जिंगही मंदावतं. काय करावं?

तुम्ही म्हणताय की दुपारी चार्जिंग निम्म्यावर येतं आणि प्लगला हात लावला की चटका बसतो. पहिल्याची काळजी नको. बऱ्याच चार्जरमध्ये तापमानाचा सेन्सर असतो, तो उष्णता वाढली की करंट कमी करतो. करंट निम्मा झाला की जोडातली उष्णता चौथाईवर येते. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा ४० ला टेकतो, त्यात चार्जर पश्चिमेच्या भिंतीवर उन्हात लटकत असेल तर हे होणारच. सावलीत घ्या, रात्री लावा.

चटका मात्र अजिबात अंगावर काढू नका. गाडी १६ अँपिअरच्या सॉकेटमधून जवळपास १५ अँपिअर सलग कित्येक तास ओढते. गिझर थोडा वेळ चालतो, म्हणून तेच सॉकेट तिथे निभावून जातं. आतली पकड सैल झाली की सगळी उष्णता पिनांवर साठते. मेन बंद करून प्लग काढा. पिना काळपट किंवा भोकांभोवतीचं प्लास्टिक तपकिरी दिसलं तर आजपासून ते सॉकेट वापरू नका. आणि १६ चा प्लग ६ अँपिअरमध्ये बसवणारा कन्व्हर्टर? कृपा करून फेकून द्या, त्यातून आग लागू शकते. एक्स्टेन्शन बोर्डही नको.

इलेक्ट्रिशियनकडून स्वतंत्र एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), ४ चौरस मिमी तांब्याची वायर, पक्कं अर्थिंग आणि निळं इंडस्ट्रियल सॉकेट बसवून घ्या. चार्जरचा डबा हुकला अडकवा, नाहीतर त्याच्या वजनाने प्लग खाली ओढला जातो.